अकरा टक्क्यांचा डॉल्फिन

मित्रांनो, मी एक जुना डॉल्फिन आहे. निदान माझ्या काचेच्या पेटीखालच्या पितळी पाटीवर तसं लिहिलं आहे. पाटीवर आणखीही बरंच काही लिहिलं आहे आणि ते जवळजवळ सगळं खोटं आहे. 'जुना' हा शब्द मात्र खरा. मी समुद्र पाहिलेला नाही. मासा कधी तोंडात धरलेला नाही. माझी आई म्हणाल तर चार फळ्या, आणि बाप म्हणाल तर एक अबोल सुतार.

त्या सुताराने फळ्या एकावर एक चिकटवून दोन मीटर लांबीचा ठोकळा केला आणि तो महिनाभर तासला. खऱ्या डॉल्फिनची मापं घेऊन कापलेले पत्र्याचे साचे तो माझ्या अंगाला लावून पाहायचा. साचा आणि मी यांच्यामध्ये उजेडाची रेघ दिसली की पुन्हा रंधा. शेवटी उजेड शिरेना, तेव्हा त्याने माझ्या पाठीवर एक थाप मारली आणि म्हणाला, "जा." आमच्यात झालेलं हे एकमेव संभाषण.

डॉल्फिनचा आकार ही मोठी अक्कलहुशारीची गोष्ट आहे, मित्रांनो. तोंड निमुळतं, जाडी हळूहळू वाढत जाते, सगळ्यात फुगीर भाग डोक्याच्या बराच मागे, आणि तिथून शेपटीपर्यंत सावकाश उतार. त्यामुळे पाणी अंगाला धरून सरळ मागे निघून जातं. मध्येच सुटून भोवरे करत बसत नाही. पाण्यात भोवरे झाले की ते मागे ओढतात. आमच्या संशोधन संस्थेतल्या वरिष्ठांचा आकारही साधारण असाच होता, पण ते पाण्यात उतरत नसत.

पाण्यात उतरायचं काम माझं. संस्थेच्या मागच्या बाजूला एक लांबच लांब दालन होतं आणि त्यात एकशेवीस मीटर लांबीचा अरुंद हौद. हौदाच्या दोन्ही कडांवर रूळ, रुळांवर आडवी गाडी, आणि गाडीखाली एका लोखंडी दांड्याला लटकलेला मी. गाडी पळाली की मी पाण्याखालून ओढला जायचो, आणि मला ओढायला किती जोर लागला ते दांड्यावरचा काटा सांगायचा. टोकाला पोचलो की मला पाण्याबाहेर उचलायचं, गाडी मागे आणायची, पुन्हा बुडवायचं. ही झाली एक फेरी. अशा हजारो फेऱ्या मी केल्या. इतका प्रवास करून कुठेच न पोचलेला माझ्यासारखा दुसरा कोणी नसेल, असं मला वाटायचं. पुढे संस्थेतल्या माणसांशी ओळख झाली आणि तो गैरसमज दूर झाला.

गाडी चालवायचे ते काका. त्यांना नाव असेल, पण सुरक्षारक्षकापासून साहेबांपर्यंत सगळे 'काका'च म्हणत. काकांच्या खिशात बुचाच्या चुऱ्याची एक डबी असे. एक फेरी झाली की मी ज्या दिशेने गेलो त्या दिशेने पाणीही थोडं वाहायला लागतं. ते वरून दिसत नाही. काका चिमूटभर चुरा पाण्यावर टाकत, गुडघ्यावर बसत आणि एक डोळा मिटून बघत राहत. चुऱ्याचे कण हलत असतील तर पाणी अजून चालू आहे. कण जागच्या जागी थांबले की काका उठून म्हणत, "बसलं पाणी." मगच पुढची फेरी. यात वीस मिनिटं जात, कधी पंचवीस. मग काका त्यांच्या नोंदवहीत वेग लिहीत, काट्याचा आकडा लिहीत, आणि शेवटच्या रकान्यात पाण्याची तब्येत.

तो शेवटचा रकाना काकांनी स्वतः पट्टीने आखून वाढवला होता. त्यांना कोणी तो आखायला सांगितलं नव्हतं, त्यामुळे तो वाचायलाही कोणी सांगितलेलं नव्हतं.

मग बाई आल्या. तात्पुरत्या नेमणुकीवरच्या शास्त्रज्ञ. चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली, आणि हाताला सदानकदा रबराचा वास. त्यांच्या डोक्यात कातडी होती. डॉल्फिनची.

गोष्ट अशी की फार वर्षांपूर्वी एका प्राणिशास्त्रज्ञाने हिशेब मांडला होता. डॉल्फिन ज्या वेगाने पळतो, त्या वेगाला पाण्याचा जो विरोध होईल, तो तोडायला लागणारं बळ त्याच्या अंगात असूच शकत नाही, असं त्या हिशेबातून निघालं. म्हणजे डॉल्फिनकडे काहीतरी गुपित असणार. लोकांनी ते गुपित कातडीत शोधलं. मऊ कातडी म्हणे पाण्याचे बारीक हेलकावे शोषून घेते आणि विरोध कमी करते. तशी कातडी करून बोटीला घातली तर इंधन किती वाचेल, विचार करा! बाईंनी विचार केला. वर्षभर केला. पातळ रबर, त्याखाली बारीक खुंट्या, खुंट्यांच्या मधे दाट तेल. स्वतः साचे ओतले, फाटले, पुन्हा ओतले. ती कातडी त्यांनी स्वतःच्या हाताने मला चढवली, तेव्हा बाळाला झबलं घालावं तशी त्यांची जीभ दातांत धरलेली होती.

"काका, कसा दिसतो?"

"सासरी निघाल्यासारखा," काका म्हणाले.

मोठी चाचणी ठरली त्या दिवशी एक बोटवाले पाहुणे येणार होते. नदी समुद्राला मिळते तिथे त्यांच्या प्रवासी बोटी चालत, आणि त्यांना नवी बोट बांधायची होती. सकाळी मी उघड्या लाकडाने दहा फेऱ्या केल्या. शांतपणे, दर वेळी पाणी बसवून. दुपारी मला कातडी घालायची आणि पाहुण्यांसमोर पुन्हा दहा फेऱ्या. पाहुणे तीनला आले आणि म्हणाले, पाचला निघणार. दहा फेऱ्यांना लागतात साडेतीन तास.

दुसऱ्या फेरीनंतर काका गुडघ्यावर बसले, तशी साहेबांनी घड्याळ पाहिलं. हे संस्थेचे प्रमुख. आवाज मऊ, बूट कडक.

"काका, चला."

"साहेब, पाणी बसलं नाही अजून."

"पाणी बसेल हो. पाहुणे बसणार नाहीत. चला."

सगळे हसले. पाहुणेही हसले. बाई काट्याकडे बघत होत्या, त्यांनी ऐकलं नाही. काका उठले, गाडीत चढले आणि पाच-पाच मिनिटांनी फेऱ्या मारू लागले.

मला कळलं होतं, मित्रांनो. तिसऱ्या फेरीपासूनच माझ्या अंगाला पाणी नेहमीसारखं लागत नव्हतं. गर्दीतून उलटं चालायचं आणि गर्दीबरोबर चालायचं, यात जो फरक असतो तो. आधीच्या फेरीचं पाणी अजून माझ्याच वाटेने निघालेलं होतं आणि मी त्याच्या संगतीने चाललो होतो. मला ओढायला जोर कमी लागणारच होता. पण लाकडाला बोलता येत नाही, आणि ज्यांना बोलता येत होतं ते टाळ्या वाजवत होते. सकाळपेक्षा दुपारी विरोध कमी भरला. किती? अकरा टक्के.

"म्हणजे इंजिन एक नंबर लहान चालेल?" बोटवाल्यांनी विचारलं.

"चालेल काय," साहेब म्हणाले, "पळेल."

बाईंनी डोळे पुसले. मला वाटतं तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस होता.

पुढचे काही महिने माझे कौतुकाचे. साहेबांना पुरस्कार मिळाला. भाषणात त्यांनी निसर्गाचे आभार मानले, संस्थेचे मानले, पत्नीचे मानले. बाईंचा उल्लेख 'आमचा तरुण चमू' या तीन शब्दांत झाला. काकांचा झाला नाही, कारण काका तरुणही नव्हते आणि चमूही नव्हते. माझा फोटो छापून आला. छायाचित्रकाराने मला तेल चोळलं होतं.

पण बाईंना चैन पडेना. पाहुणे नसलेल्या साध्या दिवशी त्या पुन्हा मला ओढून बघत, आणि अकरा टक्के काही येत नसत. कधी शून्य येई, कधी कातडीला सुरकुती पडलेली असली की उलट विरोधच वाढे. त्यांना वाटलं, कातडी म्हातारी झाली. नवी केली. तीही तशीच. तिसरी केली. त्यांची बोटं सोलून निघाली होती. एकदा त्या हौदाच्या कठड्यावर बसून राहिल्या आणि काकांना म्हणाल्या, "त्या दिवशी माझ्या हातून काय बरोबर झालं होतं, तेच आठवत नाहीये."

काका चुऱ्याची डबी बंद करत म्हणाले, "तुमच्या हातून काही नाही झालं. पाणी चालू होतं त्या दिवशी."

"म्हणजे?"

"म्हणजे बसलं नव्हतं. दहातल्या आठ फेऱ्यांना. मी लिहिलंय की."

"कुठे लिहिलंय? मी सगळे आकडे पाहिलेत, काका. संगणकावर सगळे आहेत."

"वहीत. शेवटच्या रकान्यात."

वही आली. बाईंनी पान उघडलं. दुपारच्या तिसऱ्या फेरीपासून दहाव्या फेरीपर्यंत काकांच्या गोल अक्षरात एकाखाली एक लिहिलं होतं: चालू, चालू, चालू. आणि एका ठिकाणी: 'चालू. सांगितलं. ऐकत नाहीत.'

वहीतले आकडे संगणकात भरायचा तक्ता बाईंनीच तयार केला होता. त्यात वेग होता, काटा होता, तापमान होतं. शेवटच्या रकान्याला जागा नव्हती. अक्षरांचं काय करायचं, असा प्रश्न तेव्हा पडला होता आणि त्यांनी तो सोडवला होता.

"माझी चूक आहे," बाई म्हणाल्या.

"अर्धी," काका म्हणाले. "अर्धी मला ठेवा. मी गाडी बंद करायला हवी होती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी क्रम उलटा केला. सकाळी बसलेल्या पाण्यात कातडी, आणि दुपारी पाच-पाच मिनिटांनी, चालू पाण्यात, उघडं लाकूड. उघडं लाकूड अकरा टक्क्यांनी जिंकलं. काका इतके हसले की त्यांना खोकला आला. बाई हसल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी काकांना त्या जुन्या हिशेबाचीही गंमत सांगितली.

"काका, त्या माणसाने डॉल्फिनची काही सेकंदांची धाव पाहिली होती. आणि बळ धरलं होतं ते तासन्‌तास राबणाऱ्या माणसाचं आणि कुत्र्याचं. पुढे लोकांनी पाण्यात बुडबुडे सोडून डॉल्फिनला त्यातून पळवलं, चित्रं काढली, मोजलं. त्याची शेपटी भरपूर जोर लावते. गुपित वगैरे नाही. अंगात ताकद आहे."

"म्हणजे बिचारा मेहनत करत होता," काका म्हणाले, "आणि नाव झालं कातडीचं."

"आकाराचं मात्र खरं आहे. आणि कातडीचंही एक खरं आहे. तिचा वरचा थर दिवसातून कितीतरी वेळा झडतो. त्यामुळे अंगावर शेवाळ, शिंपले काही धरत नाही. बोटींची बुडं नीट खरवडून ठेवली ना, तर तेवढ्यानेच पुष्कळ इंधन वाचेल."

"ते सांगा की मग साहेबांना."

"खरवडण्याला पुरस्कार देतात का कोणी?"

पण त्या साहेबांकडे गेल्या. जावंच लागणार होतं. बोटवाल्यांच्या नव्या बोटीला लहान इंजिन बसणार होतं, आणि ती बोट दीडशे माणसं घेऊन नदीच्या मुखातून, पुलाच्या खांबांमधून जाणार होती. ओहोटीला तिथे पाणी असं धावतं की कमी ताकदीची बोट आडवी होते. आडवी झालेली बोट खांबावर जाते. हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

साहेब दालनातच भेटले. माझ्यापासून चार हातांवर उभे राहून हे बोलणं झालं, म्हणून शब्दन्‌शब्द सांगू शकतो.

"मग आता काय करायचं म्हणता?" साहेबांनी विचारलं.

"बोटवाल्यांना कळवायचं, सर. मोठंच इंजिन घ्या म्हणून."

"आणि पुरस्कार? तोही परत नेऊन द्यायचा का, पिशवीत घालून?"

"सर, दीडशे माणसं बसणार आहेत त्या बोटीत."

"मॅडम, तुम्ही थकला आहात. तुमचीच कातडी आहे ती. जगात कुठली आई आपल्या लेकराला नापास करते?" मग आवाज आणखी मऊ झाला. "पुढच्या महिन्यात तुम्हाला कायम करण्याची फाइल माझ्या टेबलावर येते आहे. तोवर विश्रांती घ्या."

बाईंनी विश्रांती घेतली नाही. साध्या कागदावर, संस्थेचं नाव न छापलेल्या, त्यांनी बोटवाल्यांना पत्र लिहिलं. वहीच्या पानाची प्रत जोडली. खाली लिहिलं, चूक माझी आहे.

चार दिवसांनी बोटवाले थेट दालनात घुसले. लालबुंद झाले होते. बाईंकडे न बघता काकांसमोर उभे राहिले.

"तुम्ही गाडी चालवता?"

"हो."

"एकच सांगा. लहान इंजिन असलं तर तुम्ही बसाल माझ्या बोटीत?"

काकांनी चुऱ्याची डबी खिशात टाकली. "मी बसेन एखादे वेळी. माझं वय झालंय. नातीला नाही बसवणार."

बोटवाल्यांनी हौदाकडे पाठ फिरवली. मग बाईंना म्हणाले, "मोठं इंजिन टाकतो. पण कातडीही लावणार. जाहिरात छापून झालीय, 'डॉल्फिनच्या कातडीची बोट'. आणि इंजिनाचं कुठे बोलायचं नाही. कबूल?"

बाई म्हणाल्या, "इंजिन मोठं घालताय ना? मग माझं काही म्हणणं नाही."

मित्रांनो, मी लाकडाचा आहे, तरी सांगतो, बाईंची चूक झाली असेल तर ती इथे झाली. तक्त्यातला रकाना ही बारीक गोष्ट होती. दीडशे माणसांचा जीव वाचतोय म्हटल्यावर त्यांनी बाकीचं सोडून दिलं. बाकीचं म्हणजे खरं.

बोट पाण्यात उतरली. पहिल्याच ओहोटीला पुलाच्या खांबांमधून अशी सरसर निघाली की काठावरच्या लोकांनी टोप्या उडवल्या. वर्तमानपत्रांत मथळे आले: 'कातडीची कमाल'. साहेब ते वर्तमानपत्र घेऊन दालनात आले आणि बाईंच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "पळते की नाही?" बाई काय बोलणार? शब्द दिलेला. बोट पळत होतीच. पोटातलं इंजिन घाम गाळत होतं आणि हार कातडीला पडत होते. आमच्या कुळाचं नशीबच असं.

बाईंच्या फाइलवर शेरा आला: 'हुशार, परंतु सहकार्याची वृत्ती नाही. यशस्वी संशोधनाबद्दल अकारण शंका.' नेमणूक संपली. जाताना त्यांनी माझ्या अंगावरची कातडी उतरवली नाही, नुसती एक सुरकुती अंगठ्याने सरळ केली. आता त्या एका बोट-दुरुस्तीच्या गोदीत असतात. बोटींची बुडं वेळेवर खरवडून घेणं हे त्यांचं काम. त्या गोदीतल्या बोटी कमी इंधन पितात म्हणे. याबद्दल कुठेही काही छापून आलेलं नाही.

काका निवृत्त झाले. गाडी आता आपली आपण चालते आणि दोन फेऱ्यांमध्ये बरोबर सात मिनिटं थांबते. सातच का, हे एकाने विचारलं होतं. पाहुण्यांना तेवढं चालतं, असं उत्तर मिळालं. काकांच्या वह्या रद्दीत गेल्या. बोटीवरची कातडी पहिल्याच वर्षी तुकड्यातुकड्यांनी सुटून वाहून गेली. बोटीच्या वेगात काही फरक पडला नाही, त्यामुळे ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

आणि मला काचेच्या पेटीत घालून संस्थेच्या दारात ठेवलं. शाळांच्या सहली येतात. एक उत्साही मार्गदर्शक मुलांना सांगतो, "हा बघा, याच कातडीने अकरा टक्के विरोध कमी केला." मुलं काचेला नाक लावतात. रबराला आता तडे गेलेत, तेल सुकलंय. एकदा एका मुलीने विचारलं, "हा आजारी आहे का?" संस्थेत इतक्या वर्षांत विचारला गेलेला तो सगळ्यात अचूक प्रश्न होता.

गेल्या आठवड्यात बाई आल्या होत्या. केस पांढरे झालेत, चष्मा नवा आहे. तिकीट काढून, सहलीच्या मागे उभ्या राहून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी मार्गदर्शक म्हणाला, "आणि आनंदाची बातमी! बोट कंपनी आता दुसरी बोट बांधते आहे. जुने मालक गेले, आता त्यांचा मुलगा कारभार बघतो. या वेळी ते संशोधनाचा पूर्ण फायदा घेणार आहेत. इंजिन एक नंबर लहान!"

"कोणी सांगितलं त्यांना लहान चालेल म्हणून?" बाईंनी विचारलं.

"सांगायला कशाला हवं, मावशी? पहिली बोट इतकी वर्षं पळतेच आहे की."

"पहिल्या बोटीचं इंजिन केवढं आहे, माहीत आहे तुम्हाला?"

"ते आमच्या माहितीपत्रकात नसतं," तो हसून म्हणाला आणि मुलांना पुढच्या दालनात घेऊन गेला.

बाई तिथेच बाकावर बसल्या. पर्समधून एक कागद काढला, मांडीवर पर्स ठेवून त्यावर तो धरला आणि लिहायला लागल्या. मला पहिली ओळ दिसली: 'मागच्या वेळी मी आपल्या वडिलांना जे लिहिलं होतं, ते तेव्हा सगळ्यांना सांगायला हवं होतं.' त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी जोडपत्रांची यादी करायला घेतली आणि पहिल्याच ओळीवर अडल्या. वहीचं पान आता कुठून आणणार?

मित्रांनो, माझ्यासारखी आत्मवृत्तं सांगणारे शेवटी काहीतरी मागतात. कोणी म्हणतं, मला तेलपाणी करा, कोणी म्हणतं, मला फेकू नका. माझी काच पुसू नका, मला नवं रबर नको, मी असाच बरा आहे. माझं मागणं एवढंच आहे. दुसरी बोट सुटेल तेव्हा तुम्ही धक्क्यावर असाल, तुमचा हात आईच्या हातात असेल, आणि समोर राखाडी रंगाची चकचकीत बोट असेल. चढण्याआधी तिथल्या माणसाला विचारा, "इंजिन केवढं आहे?" मोठ्याने विचारा, मागच्यांनाही ऐकू जाऊ द्या. त्याने आकडा सांगितला तर तो लिहून घ्या आणि बाईंना त्या गोदीत नेऊन दाखवा.

आणि त्याने कातडीची गोष्ट सांगायला सुरुवात केली, तर आईचा हात ओढा आणि घरी जा.